धर्माकाकाचं शेवाळ

"काका, तुमी जपानात कितवी पास झाले?"

विचारलं एकदाचं! कुंपणाआड माझ्या मैत्रिणी नम्रता आणि बाळी तोंडावर ओढणी दाबून हसत होत्या. पैज त्यांचीच. "तालुक्यात भाषणाचा पहिला नंबर काढलास ना? मग विचारून दाखव गो!"

आणि विचारायला कारणही होतं. उद्या शाळेच्या स्नेहसंमेलनात धर्माकाका प्रमुख पाहुणे, आणि त्यांची ओळख करून देणारी मी! माझ्या हातातल्या कागदावर बाबांनी लिहून दिलं होतं : जपानच्या विद्यापीठात नऊ वर्षं उच्च शिक्षण.

काका मोरीजवळच्या दगडापाशी उकिडवे बसून शेवाळातलं बारीक गवत उपटत होते.

"एकपण नाय," ते म्हणाले.

कुंपणाआडचं हसू बंद झालं. दोघी कधी सटकल्या, कळलंच नाही.

"विहारात आलेल्या भन्तेंनी नेलं मला. विद्यापीठाच्या मागच्या गल्लीत राहायचो. एवढं शांत, का आपलीच चप्पल वाजली तरी लाज वाटायची. पोरं सायकलवरनं जायची, पण घंटी नाय मारायची. मी शेजारच्या बागेत पाला झाडायचो. माझ्या पत्राच्या पाकिटावर, पत्त्यात विद्यापीठाचं नाव बघून तुझ्या बापानं मी तिथं शिकतो असं गावभर केलं."

"मग तुमी खरं का नाय लिहिलं?"

काकांनी दगडावरून बोट फिरवलं. "काय लिहिणार? पयल्याच दिवशी बागेतले सगळे दगड खुरप्यानं खरवडले मी. आपल्याकडं शेवाळ काढतात ना, कोण घसरू नये म्हणून? एकदम चकाचक! म्हातारा माळी आला नि मटकन खालीच बसला. ओरडला नाय. म्हणाला, हे माझ्या आज्यानं वाढवलेलं. मग नऊ वर्षं त्याच दगडांवर पाणी शिंपडलं मी."

"आलं परत?"

"नखाएवढं." त्यांनी नखाचं टोक दाखवलं. "तिथं मोठे मोठे प्रोफेसर सकाळी मला वाकून नमस्कार करायचे. झाडूवाल्याला! उद्या मी येत नाय, मेघा. त्या कागदातला माणूस मी नाय."

"आणि माळी म्हणून बोलावलं तर?"

त्यांनी मुठीतलं गवत बाजूला टाकलं. मग म्हणाले, "माळी म्हणून येईन."

संध्याकाळी बाबा काकांच्या शर्टाला इस्त्री करत होते. संमेलनानंतर घरी पाहुणे येणार म्हणून आई दगडावरचं शेवाळ घासायला खराटा घेऊन मोरीकडे निघाली होती. मी दारातच उभी राहिले आणि काकांनी सांगितलेलं सगळं सांगून टाकलं.

बाबांनी इस्त्री उभी केली. "जी माणसं आपल्या घरचं पाणी पीत नव्हती, ती त्या पाकिटापायी ओट्यावर येऊन बसली. माहितीये तुला?"

मला माहीत नव्हतं. बाबांचे हात शर्टाची कॉलर उगाच सारखी करत होते.

"उठून गेली तर जाऊ देत, बाबा," मी म्हणाले. "उद्या मी तुमचा कागद वाचणार नाय. माझे काका माळी होते, असंच सांगणार. आणि आई, तो दगड घासू नको."