पहिली रांग

शनिवारी सकाळी चिमणी आणि तिचा नवरा गाडीतून उतरले तेव्हा माझी बॅग भरून कपाटावर ठेवलेली होती. चिमणीला ते ठाऊक होतं, कारण बेत तिचाच होता. तिच्या नवऱ्याला, म्हणजे वकिलांना, ठाऊक नव्हतं, कारण त्यांच्या कानावर घातलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत कोर्टाच्या शिपायालाही कळते. आणि माझ्या नवऱ्याला ठाऊक नव्हतं, कारण त्याला काही सांगायचं तर आधी त्यानं लक्ष द्यायला हवं. गेलं वर्षभर त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

चिमणी म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण. तेव्हा काडी होती म्हणून चिमणी, आता बेकरी काढल्यापासून दारातून जरा बेतानं आत येते, पण नाव काही सुटलं नाही. त्या बेकरीवर एक खोली रिकामी आहे. "महिनाभर येऊन राहा," ती फोनवर म्हणाली होती. "माझ्या जोडीला उभी राहा. परत जायचं की नाही ते मग ठरव." दोन दिवस आमच्या शहरात खायचं, फिरायचं, रविवारी दुपारी नाटक बघायचं आणि तिथून परस्पर त्यांच्या गाडीत बसायचं, असं ठरलं.

मी काही पळून जाणारी बाई नाही. नवऱ्याला सांगणार होतेच. पण मनाशी एक ठरवलं होतं, की या दोन दिवसांत ह्यानं एकदा, फक्त एकदा, माझ्या बोलण्याला पूर्वीसारखं उत्तर दिलं तर बॅग कपाटावरच राहील.

पूर्वीसारखं म्हणजे काय ते सांगते. कपड्यांच्या दुकानात मी फिटिंगचं काम करते, आणि तोंडात टाचण्या धरूनही मला गप्प बसता येत नाही. आमचं लग्नच मुळी या तोंडामुळे जमलं. मी एक बोलले की हा दुसरं बोलायचा, तेही चेहरा असा सरळ ठेवून की मीच हसून हसून आडवी. नाटकाला गेलो की शेजारी बसून आमची अशी कुजबूज चालायची, की पुढची माणसं मागे वळून डोळे वटारायची. आणि आता? मी म्हणावं, गॅस संपत आलाय, तर हा पेपरचं पान उलटतो. मी म्हणावं, आज अंगात कसकस आहे, तर हा पलंगावर कूस बदलतो. भिंतीशी बोललं तर निदान आपलाच आवाज परत येतो. माझ्या डोक्यात नाही नाही ते येऊन गेलं. दुसरी कुणी आहे का, हेही. पण लाकडाच्या वखारीत दिवसभर करवतीवर फळ्या कापणाऱ्या माणसाला दुसरी कुठे भेटणार, आणि भेटली तरी भुसा झटकून घरात कोण घेणार? मग राहिलं एकच. त्याला माझा कंटाळा आला होता.

शनिवारी दुपारी जेवायला कुठे जायचं ते त्यानंच ठरवलं. बाजाराच्या टोकाला पत्र्याच्या छपराखालचं एक हॉटेल, जिथे आचारी कढया आपटतात, वाढणारे एकमेकांना आरोळ्या मारतात आणि वर कर्कश गाणी लावलेली असतात. मी दारातच थबकले. हा माणूस पूर्वी म्हणायचा, दिवसभर करवत ऐकतो, घास गिळताना तरी शांतता असू द्या. कोपऱ्यातलं टेबल मिळालं नाही तर उपाशी परतायचा.

"इथे?" मी विचारलं.

तो पुढे निघूनही गेला होता.

तळलेले मासे फर्मास होते, ते नाकारणार नाही. वकिलांनी दोनदा मागवले. पण कुणाचं बोलणं कुणाला कळेना. वकील ओरडायचे, चिमणी "काय?" म्हणायची, मी "काय?" म्हणायची, आणि माझा नवरा मात्र मजेत, पाय पसरून, सगळ्यांबरोबर "काय?" म्हणत बसला होता. त्याला इतकं मोकळं मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात तोंडाला कुलूप, आणि इथे या गोंगाटात किल्ली सापडली. हात पुसायच्या कागदाचे बारीक तुकडे करून मी ताटाभोवती रास घातली. मग हात धुवायला उठले, परत आले, पुन्हा उठले.

"तुझ्या पायाला भिंगरी लागलीय का?" चिमणी माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली. "सांगितलंस का त्याला?"

"सांगते," मी म्हटलं.

संध्याकाळी घरी चहा झाला. चिमणीनं आणलेला केक कापला. वकील मांडी ठोकून बसले आणि म्हणाले, "वहिनी, मुद्दा क्रमांक एक, केक उत्तम आहे. मुद्दा क्रमांक दोन, आबांची नक्कल होऊन जाऊ दे."

आबा म्हणजे माझे सासरे. शेवटची काही वर्षं त्यांना अजिबात ऐकू येत नव्हतं, पण कबूल करतील तर शपथ. कुणी काही म्हणो, मान डोलवायची आणि एकच उत्तर द्यायचं. त्यांची नक्कल हा माझा हातखंडा. आबा असतानाही मी ती करायची, स्वयंपाकघरात, आणि सगळं घर लोटपोट हसायचं. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी पाहुणे आले की फर्माईश असतेच.

मी उठले. पाठीला बाक दिला, तळहात कानामागे धरला, डोळे मिचकावले. मग एकदा सून झाले, एकदा आबा.

"आबा, चहा ठेवू?"

"हो हो, छान."

"आबा, दूध नासलंय."

"हो हो, छान."

"आबा, घराला आग लागलीय, बाहेर चला."

"हो हो," मी पाय पसरत म्हटलं, "छान."

चिमणीच्या डोळ्यांत पाणी आलं. वकिलांना ठसका लागला. माझा नवराही हसला, सगळ्यांत मोठ्यानं हसला, पण सगळ्यांचं हसून होत आलं तेव्हा. मला वाटलं, पाहुण्यांसाठी हसतोय. माझ्या विनोदावर हसायचेही आता उपकार.

रविवारी सकाळी मी ठरवलं, बस्स. तो मोरीपाशी खाली बसून बुटांना पॉलिश करत होता. मी मागच्या बाजूनं, जरा डावीकडे, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले.

"चिमणी म्हणतेय, मी तिच्याकडे येऊन राहावं. महिनाभर तरी. आजच जाऊ म्हणतेय." मी थांबले. ब्रश चालूच होता. माझी सावली त्याच्या बुटावर पडली तेव्हा त्यानं मान अर्धवट वळवली. "जाऊ ना मी?"

"हो हो," तो म्हणाला. "छान."

आणि पुन्हा ब्रश घासायला लागला.

एवढ्यावर निकाल लागला. मी आत गेले, स्टुलावर चढून बॅग काढली आणि स्वतः खाली नेऊन वकिलांच्या डिकीत ठेवली. वर चादर टाकली. रडू येत होतं, पण त्याहून राग जास्त येत होता, आणि रागाचा एक फायदा असतो, हातपाय चालू राहतात.

नाट्यगृहात पोचलो तर तिकिटं पहिल्या रांगेची. तीही ह्यानंच काढलेली. पूर्वी म्हणायचा, पहिल्या रांगेत बसणं म्हणजे पैसे देऊन नटांची थुंकी झेलणं. मी काही विचारलं नाही. विचारून उपयोग नव्हता आणि आता गरजही नव्हती.

बसण्याचा घोळ वकिलांनी घातला. आधी मी, मग नवरा, मग चिमणी, मग वकील असे बसलो होतो. घरीही माझी जागा त्याच्या डावीकडेच, टेबलाशी, पलंगावर, सगळीकडे, लग्नापासून. पण वकिलांना गुडघा लांब करायला कडेची खुर्ची हवी झाली, आणि कडेच्या खुर्चीवर मी होते. सगळे उठले, एकमेकांच्या पायांवर पाय पडले, आणि दिवे मंदावले तेव्हा मी नवऱ्याच्या उजवीकडे येऊन बसले होते.

नाटक एका जुन्या कपाटाचं होतं. घर विकायचंय, पण कपाट दारातून बाहेर निघत नाही, आणि मालक कपाटाशिवाय जायला तयार नाही. मालकाचं काम करणारा नट गलेलठ्ठ, पण त्याचा कोट त्याच्याहून मोठा. खांदे उतरलेले, बाह्या बोटांपर्यंत. माझ्या डोळ्यांत तो कोट खुपायला लागला. सवय वाईट. त्याच्या खांद्याशी मान कलती करून, कुणाला म्हणून नव्हे, आपलं स्वतःशीच पुटपुटले, "कोट आहे की तंबू. आत आणखी एक माणूस मावेल."

"दुसऱ्या अंकात तो बाहेर येईल," नवरा म्हणाला. ओठही न हलवता, समोर बघत.

मला फस्सकन हसू आलं. पदर तोंडावर धरेपर्यंत मागून कुणीतरी शुक् केलं. आणि मग हसू तिथल्या तिथे थांबलं. मी त्याच्याकडे बघितलं. तो नाटक बघत होता.

मी त्याच्या कानाशी झुकून कुजबुजले, "बायकोचं काम करणारीनं भुवया कुणाच्या उसन्या आणल्यात?"

"कपाटात सापडल्या असतील."

वर्षभर. वर्षभर मी या माणसाच्या एका उत्तरासाठी झुरत होते, आणि आज अंधारात तो माझ्या कुजबुजीला टोले परतवत होता. तेवढ्यात रंगमंचावर तो कोटवाला पाठमोरा झाला आणि कपाटाकडे तोंड करून काहीतरी बोलला. अख्खं नाट्यगृह हसलं. माझा नवरा हसला नाही. त्यानं एक नजर माझ्याकडे टाकली, माझ्यापलीकडच्या माणसाकडे टाकली, आणि मग हसला. मोठ्यानं. सगळ्यांच्या मागून.

काल चहाच्या वेळचं हसू ते हेच.

मग एकेक गोष्ट डोळ्यांपुढे यायला लागली. पहिली रांग, नटांचे ओठ दिसावेत म्हणून. पत्र्याखालचा गोंगाट, जिथे प्रत्येक जण "काय?" म्हणतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. आणि सकाळी मोरीपाशी, "हो हो, छान." मी ते शब्द ऐकले होते, आदल्याच दिवशी मी स्वतः ते तीनदा म्हटले होते, तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही. मला त्याचा भयंकर राग आला, की इतकं सगळं एकट्यानं गिळून बसलास? आणि लगेच कळलं की कुणाला सांगणार होता बिचारा. घरात नक्कल करणारी बाई बसलेली. पुढचं नाटक मी बघितलं नाही. त्याच्या उजव्या कानाकडे बघत राहिले.

मध्यंतरात चिमणीनं हाक मारली, "इकडे ये गं माझ्याजवळ."

"इथेच बरी आहे," मी म्हटलं.

नाटक संपल्यावर वकिलांनी डिकी उघडली. चादर सरकली होती आणि निळी बॅग समोरच दिसत होती. ती ह्यानंच मला आणली होती.

"ही इथे कशी?" नवऱ्यानं विचारलं.

"माझा या बॅगेशी काहीही संबंध नाही," वकील म्हणाले, "याची नोंद घ्यावी."

चिमणी माझ्याकडे बघत होती. मी बॅग बाहेर काढली. "जोडीला दुसरी कुणी बघ," मी तिला हळूच म्हटलं. तिनं काही विचारलं नाही, गालाला गाल लावला आणि गाडीत बसली. शाळेपासूनची मैत्रीण उगाच नाही.

गाडी गेली. आम्ही घराकडे चालायला लागलो. बॅग त्यानं घेतली. मी सवयीनं डावीकडे गेले होते. रविवारची संध्याकाळ, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बराच वेळ चालल्यावर मी खाली बघत म्हटलं, "मी जाणार होते. परत येईन असं काही ठरवलं नव्हतं."

त्या बाजूनं का बोलले ते मला पुरतं ठाऊक होतं. सांगितल्यासारखंही होणार होतं आणि त्याला कळणारही नव्हतं. एवढी मोठी तोंडाळ बाई, पण वेळेला भित्री निघाले.

तो दोन पावलं पुढे गेला आणि थांबला. बॅग खाली ठेवली. मग माझ्या मागून वळसा घालून पलीकडे आला आणि उजवा खांदा माझ्याकडे करून उभा राहिला.

"करवतीकडचा कान गेलाय," तो म्हणाला. "हा पण जवळून बोललं तरच. तुला सांगणार होतो. पण तू मग..." त्यानं तळहात उचलून कानामागे धरला, डोळे मिचकावले. हुबेहूब आबा. माझ्यापेक्षाही हुबेहूब, आणि मला हसू आलं नाही. मग त्यानं हात खाली घेतला.



"मघाशी काय म्हणालीस ते सांग," तो म्हणाला. "या बाजूनं सांग."

मी त्याच्या कानाशी गेले आणि सांगितलं. बॅग कधी भरली तिथपासून सगळं. माझं बोलून होईपर्यंत तो एकदाही हो हो म्हणाला नाही.