भरल्या पोटाचा पाहुणा

भीमसिंग आमच्याकडे जेवायला यायचा तेव्हा पुसदच्या फुटबॉलला तिकीट नव्हतं. पूस नदीच्या काठाला मैदान, त्याला ना भिंत ना दार. आम्ही बाया धुणं आटोपून दरडीवर बसायचो, पिळलेल्या कपड्यांची बादली शेजारी ठेवून. खेळातलं आम्हाला काय कळणार! पण चेंडू भीमसिंगच्या पायाशी आला की सगळ्यांची तोंडं बंद व्हायची. अनवाणी पाय त्याचे, भेगा पडलेले. त्या पायांनी तो चेंडू असा न्यायचा, जसं कोणी झोपलेलं लेकरू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर नेतं.

तो जवळच्या तांड्यावरचा बंजारा. कापसाच्या जिनात बोजे उचलायचा, तिथेच टिनाखाली झोपायचा. आमचे हे गावच्या क्लबाचे सेक्रेटरी. शेत सालदाराच्या भरवशावर टाकून फुटबॉल सांभाळणारे म्हणून सगळे ह्यांना, पंजाबरावांना, हसायचे. एका दुपारी ते त्याला घरी घेऊन आले.

"याले जेवू घाल वं. पोट्टा उपाशी खेळून राह्यला."

मी ताट वाढलं आणि मनातून देवाला हात जोडले. कारण त्याच चातुर्मासात मी कीर्तनकार बुवांकडून जन्मभराचा नेम घेतला होता. रोज बाहेरचं एक माणूस आपल्या घरी जेवल्याशिवाय आपण अन्नाला शिवायचं नाही. बुवांनी एक बजावून सांगितलं होतं. नेमाची वाच्यता करायची नाही, जेवणाऱ्याला तर कधीच नाही. घरात एकट्या ह्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून आला. मग रोजच येऊ लागला. जिनाचा दुपारचा भोंगा झाला की ओसरीवर पाय धुतल्याचा आवाज यायचा. दोन ज्वारीच्या भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी असली तर तिसरी भाकर. त्यांच्या बोलीत आईला म्हणतात तसं तो मला 'याडी' म्हणायचा. तो उठला की मी बसायची. आमच्या घरात लेकरू नव्हतं. एवढं सांगितलं म्हणजे पुढचं सांगायला नको.

शेजारची तुळसाबाई भिंतीवरून डोकवायची. "काय वं सत्यभामा, आला का तुया फुटबालवाला? कालच्या दोन गोलात एक तं तुया भाकरीचाच होता म्हन!"

"आन दुसरा?"

"दुसरा माया तेलाचा! त्याच्या पायाले लावाले वाटीभर पाठवलं होतं नं मी!"

थट्टाच, पण गावात सगळ्यांचंच असं होतं. सदरे शिंप्यानं फुकट शिवलेले. फाटलेला चेंडू चांभार पैसे न घेता टाचून द्यायचा. गोल झाला की प्रत्येकाला वाटायचं, यात आपलंही काही गेलं आहे.

मग जिनवाल्या शेठला फुटबॉलची हौस आली. त्यांनी चांदीचा कप ठेवला, मैदानाभोवती टिनाचे पत्रे ठोकले, एक फाटक केलं आणि तिकीट लावलं. सदरे अमरावतीहून शिवून आले. तेल, चेंडू, खेळाडूंचं खाणंपिणं, सगळं शेठकडून. वाईट काहीच नव्हतं त्यात. खेळाडूंना बूट मिळाले, सावली मिळाली. फक्त आम्हा लोकांना द्यायला काही उरलं नाही. तिकीट तेवढं उरलं. दरडीवरून आता पत्रेच दिसायचे.

त्याच साली नागपूरच्या एका गिरणीचा माणूस कपाचे सामने पाहायला आला. चार दिवसांनी भीमसिंग जेवता जेवता थांबला.

"याडी, गिरणीवाले मले नेतो म्हनतात. पगार देते, खोली देते. कामावर नुसतं हजर राहायचं आन खेळायचं."

"जाशीन?"

"मंग काय करू? तीन वर्सं झाले तुमच्या घरचं खाऊन राह्यलो. लोकाच्या दारात असं किती दिवस बसावं मानसानं? मले लाज वाटते आता."

माझ्या ओठाशी आलं होतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. नेम तो नेम. मी एवढंच म्हणाले, "बरं बाबा. जपून राह्य."

तो गेला आणि ह्यांच्या मागे नसती कामगिरी लागली. रोज दुपारी मोटार स्टँडवर जायचं आणि कोणीतरी जेवायला धरून आणायचं. कधी कल्हईवाला, कधी बहुरूपी, एकदा तर एक हवालदार आला. तो भाकरी मोडायच्या आधी दहादा म्हणाला, "पन काम काय आहे ते तं सांगा!" हे म्हणायचे, "काम काई नाही, जेवा साहेब." त्याला शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. नेम मोडला नाही माझा. पण कोणाचं ताट वाढताना हात अंबाडीच्या भाजीकडे जायचा आणि थांबायचा. हा माणूस खातो की नाही, कोण जाणे.

अशी तीन वर्षं गेली. एकसष्ट सालच्या थंडीत गावात बैलबंडी फिरली, तिच्यावर कर्णा लावलेला. "आपल्या पुसदचा वाघ भीमसिंग! नागपूरच्या गिरणीकडून! बघायला विसरू नका! खुर्चीचं तिकीट वेगळं!" समोर शेठचा संघ खेळणार होता. त्यात आता पुसदचा एकच माणूस उरला होता, गोलकीपर उकंडा. बाकी सगळे बाहेरून आणलेले.

सामन्याच्या दिवशी मी पहाटे तुळशीला पाणी घातलं आणि मनाशी ठरवलं, आज जेवेल तो भीमसिंगच, दुसरं कोणी नाही. सकाळी दारात गोसावी आला. त्याला सुपानं ज्वारी दिली, पण ताट वाढलं नाही. असं मी पूर्वी कधी केलं नव्हतं. अंबाडीची भाजी केली, ठेचा केला. गिरणीचा संघ शेठच्या बंगल्यावर उतरला होता, हे तिथे भीमसिंगला बोलवायला गेले आणि एकटेच परत आले.

"मॅनेजर सोडत नाही. म्हनते, पगार आमी देतो, तं त्याचं पोटबी आमीच पाहू. खेळाच्या आधी बाहेरचं खाऊ देत नाही."

"अन् खेळ झाल्यावर?"

"पाहू."

तुळसाबाईनं ऐकलंच. "अवं, तिथं पुऱ्या तळून राह्यले सकाळपासून. तो तुया अंबाडीले कायले येते? जेव तू गुपचूप."

ह्यांनी विचारलं, "स्टँडवरून आनू का कोनी?"

मी नको म्हटलं. हे मैदानावर गेले. मी चुलीपाशी बसून राहिले. पूर्वी घरात बसूनही मैदानावरच्या आवाजावरून मला कळायचं, चेंडू कोणापाशी आहे. त्या दिवशी बराच वेळ काही आवाजच आला नाही. मग एक हुर्यो उठली. आपल्या माणसाला देतात तसला ओरडा तो नव्हता.

खेळ संपायच्या आधीच हे घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"काय झालं?"

"पाय राखून खेळला," हे टोपी खुंटीला लावत म्हणाले. "चेंडू घेते, अन् कोनी अंगावर आलं का सोडून देते. दोनदा उकंडा समोर एकटा होता. दोन्ही वेळा हा बाजूनं निघून गेला. लोकं पेटले. विकल्या गेला, विकल्या गेला, म्हनून बोंबलले. आपला शिंपी माहीत आहे नं? ज्यानं त्याचे सदरे फुकट शिवले? तो बाकावर उभा राहून म्हने, माये तिकिटाचे पैसे वापस दे!"

मी भाजीवर झाकण ठेवलं.

दिवेलागणीच्या सुमाराला ओसरीवर बुटांचा आवाज आला. मला पायांची ओळख होती, बुटांची नव्हती. वर पाहिलं तर भीमसिंग. अंगात निळा कोट, अंग भरलेलं, केसांना तेल. हातात कागदात गुंडाळलेलं लुगडं. ते त्यानं माझ्या पायाशी ठेवलं आणि वाकला.

"बस बाबा. जेवतो नं?"

"जेवलो याडी, शेठकडं. मोटार उभी आहे चौकात, दहा मिनिटं दिले मॅनेजरनं." मग थोडा हसला. "आता तुले त्रास नाही. आता मी कोनावर भार नाही."

हे कोपऱ्यातून म्हणाले, "खेळला काहून नाही रे?"

तो खाली बसला. "मामा, पाय मोडला तं गिरणी दुसऱ्या दिवशी खोली खाली करून घेते. आमच्या संगचा एक गेला तसा. तांड्यावर घर बांधून राह्यलो, धाकट्या भावाले शाळेत टाकलं. हे पाय आता माये नाहीत." मग माझ्याकडे वळला. "लोकं तं म्हनाले विकल्या गेलो. तू काय म्हनते, याडी?"

मी काय म्हणणार! घर बांधलं ते बरंच केलं त्यानं. भाऊ शाळेत जातो, बरंच आहे. तरी मला वाटत होतं, भिंत नसलेल्या त्या मैदानात हा पुन्हा अनवाणी धावावा, आणि दुपारी भोंगा झाला की ओसरीवर पाय धुवावेत. असं कोणाला मागता येत नाही. मागायची मला सवयही नव्हती. सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून की काय, तोंडून निघूनच गेलं.

"मी जेवली नाही अजून."

"तब्येत बरी नाही?"

"बरी आहे. तू जेवला की मी जेवतो. तवाबी तसंच होतं. तीन वर्सं."

मग मी नेम सांगितला. पहिल्यापासून सगळा, बुवांनी घातलेल्या अटीसकट. तो ऐकत राहिला. कोटाची गुंडी हातानं फिरवत होता, ती शेवटी तुटून खाली पडली.

"म्हंजे मी तुमचं खात नोहतो..."

"मी तुया मागून खात होती."

"मंग तवा काहून नाही सांगितलं? मी जाऊन राह्यलो होतो तवा?"

"नेम सांगायचा नसते बाबा. पुण्य जाते."

"मंग आज काहून सांगितला?"

"आज तू भरल्या पोटानं आलता म्हनून."

तो उठला, ओसरीच्या कडेला बसून बूट सोडले, मोजे काढले आणि रांजणातलं पाणी पायांवर घेतलं. पाय गोरे, मऊ झाले होते. आत येऊन तो ताटावर बसला. मी भाकर वाढली, भाजी वाढली. चौकातून मोटारीचा भोंगा वाजला.

पहिला घास त्याला गिळता येईना. पुऱ्यांवर भाकर कुठून जाणार! पाणी प्यायला आणि दुसरा घास घेतला. हे दारात जाऊन उभे राहिले. तिकडून कोणीतरी हाक मारत आलं, "भीमसिंग, चलो भाई, साहब बिगड रहे है!"

"याडी जेवाची आहे अजून," तो आतूनच ओरडला. बाहेरच्या माणसाला त्याचा अर्थ काय लागणार? तो उभाच राहिला.

पुन्हा भोंगा वाजला. भीमसिंग घाईघाईनं तुकडे मोडायला लागला.

"सावकाश खाय," मी म्हटलं.

एकच भाकर होती ताटात, आणि अर्धी तर संपत आली होती. मला वाटत होतं, थापताना आणखी थोडी मोठी थापली असती तर.