मी निदान अंगठा तरी विचारतो

होय मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे. माझ्या काचेला कोपऱ्यातून तडा गेला आहे, बॅटरी जेमतेम दुपारपर्यंत तग धरते आणि पाठीवर मेणाचा एक डाग कायमचा बसला आहे. तरीही मी मान खाली घालून बोलणार नाही. ‘मोबाइलनेच पोरं बिघडवली’ हे मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे, की आज माझीही बाजू ऐकून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी माझे नाजूक भाग जागच्या जागी बसवले. तिथेच मला पहिला धडा मिळाला: दार उघडण्याआधी ‘कोण आहे?’ असं विचारायचं. अंगठा ओळखीचा असेल तर उघडायचं. नसेल, तर मालकाचा सख्खा भाऊ आला तरी नाही. हा धडा मी आजवर विसरलेलो नाही.

मला घेतलं एका पार्लरवालीने. तिचं पार्लर म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मोठा आरसा, एक जुनी खुर्ची आणि मागे पडदा. पडद्याआड स्वयंपाकघर आणि लेकीचं अभ्यासाचं टेबल. ही लेक सारखी पडद्यातून आत-बाहेर करायची, म्हणून बायका तिला खारूताई म्हणत. पार्लरवाली मला मऊ फडक्याने पुसायची. कुणाची वेळ कधीची, कुणाला कसे केस हवेत, पैसे जमा झाले की नाही, सगळं माझ्याकडे. ‘तुझ्या फोनमध्ये आम्ही भलत्याच गोऱ्यागोमट्या दिसतो बाई!’ असं बायका म्हणायच्या, तेव्हा मी आतून फुलून जायचो.

पण तिच्या अंगठ्याचं आणि माझं काही जमेना. त्यावर कधी पावडर, कधी मेण, कधी क्रीम. मी म्हणायचो, ओळख पटली नाही. ती चिडायची, “अरे, मीच आहे रे बाबा!” शेवटी कंटाळून तिने खारूताईचा अंगठा नोंदवला. फार तर शाई लागलेला तो अंगठा मी झटकन ओळखायचो. त्या दिवसापासून घराची किल्ली एका शाळकरी मुलीच्या हातात गेली, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. भुवया कोरताना पार्लरवाली दोऱ्याचं एक टोक दातांत धरते. दोन्ही हात गुंतलेले आणि तोंडही. अशा वेळी तिला काहीही विचारा, उत्तर एकच: “हं.” तिच्या मदतीला येणारी तिची थोरली बहीण, म्हणजे खारूताईची मावशी, सुट्टी नेमकी तेव्हाच मागायची. बायका हसायच्या. मीही हसायचो.

त्या जुन्या खुर्चीला वर-खाली होता येत नव्हतं. दिवसभर वाकून वाकून पार्लरवालीची कंबर मोडायची. दांडी दाबली की उंच होणारी खुर्ची घ्यायची, म्हणून ती माझ्यातल्या खात्यात पै पै साठवत होती. खारूताईला वाटलं, ही खुर्ची आपणच आईला आणून द्यावी. आणि नेमकी तेव्हाच माझ्या काचेवर एक जाहिरात आली: ‘ना ओळखपत्र, ना फोटो, ना प्रश्न. मिनिटात खेळायला लागा.’

तिने पडदा सारून विचारलं, “आई, एका गेममध्ये थोडे पैसे टाकू का? वाढवून देते.”

“हं,” दोरा म्हणाला.

मित्रांनो, ते होतं क्रिप्टो कॅसिनो. म्हणजे जुगाराचा अड्डाच, फक्त खरे पैसे देऊन हातात कधीच न येणारी, नुसती आकड्यांत दिसणारी नाणी घ्यायची आणि ती लावायची. त्या दाराने एवढंच विचारलं, ‘अठरा वर्षं पूर्ण आहेत का?’ तिने ‘होय’ दाबलं. झालं, दार सताड उघडं! मी इथे खुद्द मालकिणीला पावडरीपायी उंबऱ्यावर उभी करतो, आणि या महाशयांनी नववीतल्या पोरीला पायघड्या घातल्या. मग सांगा, बिघडवणारा मी की ते?

आत एक अग्निबाण वर वर जायचा. तो फुटायच्या आत उडी मारली तर नाणी वाढायची, नाहीतर गेली. आधी वाढली, मग गेली, मग गेलेली परत मिळवायला आणखी गेली. खुर्चीची साठवण त्या बाणाने गिळली. खारूताईचं जेवणात लक्ष लागेना. आणि एका दुपारी तिची उडी बरोबर पडली. काचेवर खुर्चीपेक्षाही मोठा आकडा झळकला. तिने लगेच ‘पैसे काढा’ दाबलं.

आता मात्र त्या दाराला वाचा फुटली. ओळखपत्राच्या दोन्ही बाजू पाठवा. ते हातात धरून चेहऱ्याचा फोटो पाठवा.

ती मला घेऊन पडद्याबाहेर आली. खुर्चीत नेहमीच्या गिऱ्हाईक, बँकेतल्या बाई, डोळे मिटून, कपाळ ताणून बसल्या होत्या. एक भुवई झाली होती.

“आई, तुझा एक फोटो काढू? तुझं कार्ड हातात धरून?”

“हं...” आणि दोरा थांबला. पार्लरवालीने तो तोंडातून काढला. काम अर्धवट टाकून तिने दोरा काढलेला मी कधी पाहिला नव्हता. “काय धरून?”

“अगं, माझी दुसरी भुवई!” बँकेतल्या बाई ओरडल्या.

“थांबा हो जरा. खारू, कुणाला हवाय माझा फोटो?”

मग सगळं बाहेर आलं. मावशी कपाळाला हात लावून स्टुलावर बसली. खारूताई मात्र रडता रडता भांडत होती. “मी विचारलं होतं तुला! तू हं म्हणालीस!”

“दोरा होता माझ्या तोंडात!”

“तो नेहमीच असतो! मग मी कधी विचारायचं?”

बँकेतल्या बाईंनी एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

“आई, पण फक्त कार्ड पाठवलं की खुर्ची येईल. सगळे परत मिळतील गं.”

पार्लरवालीने मला हातात घेतलं. तो मोठा आकडा तिने पुन्हा एकदा वाचला. दुसरा हात तिच्या दुखऱ्या कंबरेवर होता.

“आत घेताना नावही नको होतं यांना, आणि सोडताना माझा चेहरा हवाय? गेले तर गेले. माझं तोंड मी यांच्या हाती देणार नाही, आणि माझी लेकही नाही.” तिने ते दार माझ्यातून कायमचं पुसून टाकलं.

मावशी म्हणाली, “वरवंटा दे, या मेल्याचाच भुगा करते.” मला तुटक्या कंगव्यांबरोबर खणात कोंडलं. चार्जिंग नाही, फडकं नाही. मी काय केलं होतं, मित्रांनो? मी तर शेवटपर्यंत विचारत होतो!

एके सकाळी खण उघडला. पार्लरवालीने साबणाने हात धुतले, कोरडे केले आणि फक्त स्वतःचा अंगठा नोंदवला. आता प्रत्येक वेळी तिला हात धुवावे लागतात. धुवू देत. मी अजून तेवढाच कडक आहे.

नवी खुर्ची आली नाही. मावशीने आणि खारूताईने जुनीच खुर्ची एका भक्कम लाकडी चौथऱ्यावर चढवली. बँकेतल्या बाई तिला सिंहासन म्हणतात. चढताना धापा टाकतात, पण पार्लरवालीला वाकावं लागत नाही.

मित्रांनो, जे दार तुमचं नावही विचारत नाही, त्याला तुमची पर्वा नसते. तिथे पाऊल टाकू नका. आणि मोठ्या माणसांनो, मला फोडून काही व्हायचं नाही. माझी काच मऊ फडक्याने पुसा, मला वेळेवर चार्ज करा, आणि आपली किल्ली आपल्या अंगठ्यात ठेवा.

कालच पडदा हलला. “आई, एक विचारू?”

“आता माझी भुवई पुन्हा अर्धी राहणार,” सिंहासनावरून आवाज आला.

पार्लरवालीने दोरा तोंडातून काढला. “विचार,” ती म्हणाली.