सिंकखालचं दार

सिंकखालच्या कपाटाचं दार दुसऱ्यांदा फुगलं, तेव्हा सुनेच्या डोक्यात तिडीकच गेली. नवं स्वयंपाकघर होऊन वर्ष नाही झालं, आणि दाराची खालची कड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी. लागेना, आणि लागलं तर उघडेना.

पहिल्या वेळी दोष कुणाचा, हे तिनं बघताक्षणी ठरवून टाकलं होतं. सासूबाईंचा. जन्मभर बादल्या ओतून फरशी धुतलेली बाई. भांडी घासायला उभी राहिली की ओटा, पदर, फरशी सगळं चिंब. "आई, हे लाकूड नाही, भुसा दाबून केलेला बोर्ड आहे, पाणी लागलं की संपला," हे सांगून सांगून सुनेची जीभ झिजली. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी दार बदललं त्या दिवशी ती बोलून गेली, "तुम्ही आता सिंकजवळ येऊच नका."

सासूबाईंनी शब्द खाली पडू दिला नाही. तेव्हापासून त्या चहाचा कपसुद्धा बाथरूमच्या नळाखाली विसळायच्या. दोघींचं बोलणं "जेवलात?" आणि "हो" एवढ्यावर आलं. सुनेला ते टोचायचं. पण दार तरी वाचेल, अशी ती मनाची समजूत घालायची आणि डोळ्यांत तेल घालून ओट्यावरचा थेंब न् थेंब टिपायची.

तरी मेलं फुगलंच.

सुतारानं दार काढलं, उलटं केलं, कडेवरून बोट फिरवलं. "बाहेरून खडखडीत कोरडं आहे, वहिनी. पाणी आतल्या बाजूनं मुरलंय. या हुकाला काय टांगता?"

फडकं. ओटा टिपून झाला की ती ते तिथंच अडकवायची आणि दार लावून घ्यायची, बाहेर लोंबताना बरं दिसत नाही म्हणून. पाणी ओघळून थेट खालच्या कडेत. हूकही पहिल्याच दाराचा, तिनं आठवणीनं काढून या दाराला लावून घेतलेला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती तिनं, आणि तीही स्वतःच्या हातानं.

"नव्या दाराला पण लावू का हूक?" सुतारानं विचारलं.

ती तडक बाथरूमकडे गेली. सासूबाई गुडघे धरून नळापाशी वाकल्या होत्या.

"आई, दार माझ्याच फडक्यानं फुगत होतं. चुकलं माझं. चला, सिंकवर विसळा."

सासूबाईंनी कप उपडा केला, पाणी निथळू दिलं.

"राहू दे गं," त्या म्हणाल्या. "आता इथली सवय झाली मला."