रोगाच्या नावातली गाय

तुम्ही बरणी पाठवलीत, साहेब, झाकण पाठवलं नाहीत…

रुंद तोंडाची काचेची बरणी टेबलावर होती आणि मकसूद तिच्या काठावरून बोट फिरवत होता, पुन्हा पुन्हा, फिरवता फिरवता झाकण उगवेल अशा मूर्ख आशेनं. संशयित जनावराच्या मेंदूचा तुकडा यात औषधात बुडवून प्रयोगशाळेला पाठवावा, असं परिपत्रकात छापून खात्यातले तुम्ही वरिष्ठ मोकळे झालात. एसटीच्या टपावरून उघड्या बरणीत काय पोचतं, हे तुमच्यापैकी कुणी करून बघितलंय? झाकण मागितलं तेव्हा हसलात. म्हणालात, लागणारच नाही हो डॉक्टर, आपल्या देशात तो रोगच नाही… नाही. न बघता नाही. केवढ्या भरवशानं उच्चारता तुम्ही हा शब्द.

खिडकीबाहेर, कोंडवाड्याच्या शेवटच्या खणात, ती उभी होती. बिलोलीच्या बाजारातून सकाळी ट्रकनं आलेल्या म्हशींपैकी एक. विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या या कत्तलखान्यातून मांस परदेशी जातं, म्हणून इथं सरकारी पशुवैद्य बसवलेला – जनावर जिवंत असताना एकदा बघायचं, कापल्यावर एकदा, आणि मग जांभळा शिक्का मारायचा. सकाळी मकसूदनं तिला चालवून बघितलं होतं. मागचे पाय एकमेकांत अडकत होते. मान एका बाजूला. कुणी बादली आपटली की सगळं अंग थरारून उठे, आणि मग बराच वेळ कातडीखाली काही तरी धावत राही… त्यानं कमरेपासून खुरापर्यंत हात फिरवून बघितला होता. हाड कुठंही मोडलेलं नव्हतं.

असं थरारणं त्यानं पूर्वी एकदाच बघितलं होतं. भूकंपानंतर, औसा तालुक्यातल्या एका गावात – नोकरी नवी होती, गळ्यात औषधाची पिशवी होती आणि औषध द्यायला गावच नव्हतं. दगडांच्या ढिगापुढं खुंट्याला एक म्हैस बांधलेली. धार काढणारं घरात कुणी उरलं नव्हतं, कास फुटायला आली होती, आणि ती ढिगाकडं न बघता खाली, जमिनीकडं बघत होती. त्याआधी कितीक महिने जमीन गुरगुरत होती म्हणे. गावानं कचेरीत जाऊन सांगितलंही होतं. तिथल्या साहेबानं समजावलं – घाबरू नका, आपला खडक पक्का आहे, असलं इकडं होत नसतं. त्यानंही नाहीच म्हटलं होतं. तुमच्यासारखंच… पण ती म्हैस भ्यालेली होती, एवढंच. मकसूदनं धार काढली तशी ती हळूहळू शांत झाली. ही शांत होत नाही. हिचे पाय हिचं ऐकत नाहीत.

दाराशी अनंतराव आले. कत्तलखान्याचे मॅनेजर, तोंडात पान, पायात गमबूट.

"डॉक्टर, ती घसरली हो. ट्रकाची फळी लई वंगाळ हाय."

"घसरलेली नाही. तिला बाजूला ठेवा. कापायची नाही."

"काय झालं म्हणता तिला?"

मकसूदनं बरणी बाजूला सारली. मग इंग्रजी नाव घेतलंच, मॅड काऊ. अनंतरावांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि मोकळं हसले.

"वेडी गाय! अहो, आपल्याकडं गाय हाय का? गाय इथं गेटाच्या आत येत न्हाई. सगळ्या म्हशी. रोगाचं नावच गाय, मग म्हशीला कसा व्हईल? उद्या बोकडाला कोंबडीचा रोग लावताल तुम्ही!"

"रोगाला नाव कळत नाही, अनंतराव."

"माणसाला कळतंय ना." अनंतराव आता हसत नव्हते. खुर्ची ओढून जवळ बसले, आणि आवाजात खरोखरीची काळजी होती, तीच मकसूदला जास्त लागली. "तुमच्या हातानं कागदावर गाय लिहून बाहेर गेली, तर पुढचा शब्द कुणी वाचणार न्हाई. मकसूद, कत्तलखाना आन् गाय. एवढंच वाचतील. मी अनंतराव हाय, मला शिव्या घालून सोडतील. तुम्हाला?"

अनंतराव निघून गेले आणि मकसूदच्या लक्षात आलं की आपल्याला राग आलेला नाही. मान डोलावली आपण. कसाई त्याला सरकारी माणूस म्हणत आणि सरकारी माणसं कसाई; मधल्या मोकळ्या जागेत तो इतकी वर्षं डबा खात आलेला, एकटा, आणि त्या जागेत कुणी येऊन बसलं की, मग तो धमकी द्यायला का बसलेला असेना, बरं वाटायचं. हे कळलं तेव्हा मात्र त्याला स्वतःची किळस आली.

बहुतेक तो रोग नसेलच. पिसाळलेलं कुत्रं चावलं असेल, डोक्याला मार असेल. पण नाही म्हणायचं तर आधी बघावं लागतं ना… विलायतेत मेलेल्या जनावरांची हाडं दळून जित्यांना चारली, त्यातून हा पसरला. इथंही डोकी आणि पाठीचे कणे ट्रकात भरून हाडांच्या गिरणीला जातात, आणि तिथली भुकटी कुठल्या कुठल्या पोत्यांत शिरून कुणाच्या दारच्या दुभत्या म्हशीपुढं येते, ते कोण विचारतो? कापू नये, डोकं आणि कणा गिरणीला जाऊ नये, चुना टाकून खोल पुरावं – नियम तुमचाच आहे. मी केला नाही.

दुपारी त्यानं कोपऱ्यावरच्या बूथवरून तुम्हाला फोन लावला.

"फ्रॅक्चर लिहा," तुम्ही म्हणालात. "मोडलेल्या पायाचं जनावर लगेच कापता येतं. संपलं."

"पाय मोडलेला नाही, सर."

"मकसूदमियाँ, जरा प्रॅक्टिकल व्हा." फोन ठेवलात.

मग त्यानं लातूरला लावला. क्लासच्या गल्लीतल्या खोलीत त्याची बायको रईसा आणि मुलगी हुमा राहत. मुलीला डॉक्टर व्हायचं होतं, सगळ्या मराठवाड्याची मुलं तिथं कोंबलेली. घरमालकिणीनं हाक मारली. हुमाच आली.

"अब्बा, खाना खाए क्या?"

"खाया. टेस्ट कैसा गया?"

"तीन सवाल छोड दी. नहीं आता तो छोड देना बोलते सर. गलत लिखे तो नंबर कटते, छोडे तो कुछ नहीं कटता." आणि मग खुदकन हसली, "आपको तो सब आता, अब्बा. आप थोडी छोडते!"

तो हो म्हणाला. काही तरी म्हणाला. फोन खाली ठेवल्यावरही त्याचा हात तसाच त्यावर राहिला, बूथवाल्यानं दोनदा हाक मारेपर्यंत.

परत आला तेव्हा ऊन उतरलं होतं. ती खाली बसली होती, मागचे पाय एका कुशीला टाकून, आणि तिच्या खणापासून लांब बाकीच्या म्हशी अंग चोरून उभ्या होत्या. मकसूद आत गेला. तिच्यापाशी उकिडवा बसला. कातडीवर हात ठेवला आणि ते खालचं धावणं तळहाताला लागलं, मनगटापर्यंत चढलं… आणि त्याला भीती वाटेना. सकाळपासूनची, खरं तर पुष्कळ वर्षांची, ती नेहमीची बारीक भीती आत कुठं सापडेना. तिच्या जागी काय आलंय ते त्याला कळत नव्हतं. धीर नव्हता तो. धीराला सोबत लागते.

मी सोडून देणार नाही हा सवाल. फ्रॅक्चर लिहिणार नाही, आणि जागा कोरीही ठेवणार नाही. नाव लिहीन, गायीसकट, आणि खाली माझं, मियाँ न लावता. मग गेटावर कोण यायचं ते येऊ दे.

पण माझ्या हातातला शिक्का काढून दुसऱ्याच्या हातात द्यायला तुम्हाला एक सकाळ पुरते, हे मला माहीत आहे. म्हणून आत्ताच विचारतो, साहेब, सरळ विचारतो. उद्या हाडांचा ट्रक येईल. हिचं डोकं त्यात चढणार की नाही? रोग आहे की नाही ते विचारत नाही मी. चढणार की नाही? बोला.