चष्म्याच्या डबीतली बी

जंगलातल्या मुक्कामाहून निघण्याआधी मी भिंगरीला खिडकीत मांडलेल्या सगळ्या बिया परत झाडाखाली ठेवायला लावल्या. अकरा होत्या. लालचुटूक, गुळगुळीत. भिंगरी म्हणजे माझी आठ वर्षांची नात. एका जागी टिकत नाही म्हणून हे नाव. ती रडली. वर्गात चौतीस वर्षं समजावलं तसंच मी तिलाही समजावलं, "इथे येणारा प्रत्येक जण मूठभर घेऊन गेला, तर जंगलाकडे काय उरेल?" तिने नाक पुसलं आणि एकेक बी मोजून खाली ठेवली.

बारावी माझ्या चष्म्याच्या डबीत होती. आदल्या दिवशी पायवाटेवर मीच उचलली होती. रविवारी माझ्याकडे मुलं शिकायला येतात, त्यांना दाखवायला. शिकवण्यासाठी घेतलं तर ती काही चोरी नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

जंगलाच्या फाटकावर पहारेकऱ्याने गाडी थांबवली.

"पान, फूल, बी, काही नेताय का?"

"मी सगळ्या परत ठेवल्या! आजोबांनी सांगितलं म्हणून," भिंगरी म्हणाली.

"शाब्बास! आणि आजोबा, तुम्ही?"

"छे हो."

त्याने मला सलाम केला आणि आडवा बांबू वर उचलला. तो सलाम मला दिवसभर टोचत राहिला.

जुन्या शहरापर्यंत पाच तासांचा रस्ता होता. घाट उतरल्यावर ड्रायव्हरने हॉटेलचा पत्ता विचारला. कागद वाचण्यासाठी मी डबी उघडली, आणि बी टुणकन उडून भिंगरीच्या मांडीवर पडली.

तिने ती उचलून उजेडात धरली. "आजोबा, ही कुठून आली?"

"आली असेल चुकून."

"बंद डबीत?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. तिने बी डबीत ठेवली, झाकण खट्कन लावलं आणि डबी माझ्या खिशात सरकवली. पुढचे तीन तास भिंगरी जागची हलली नाही. एरवी 'गप्प बस गं' म्हणून मी थकतो. त्या दिवशी तिने एखादा प्रश्न विचारावा म्हणून जीव कासावीस झाला.

शहराच्या जुन्या वेशीपाशी उतरलो. भिंतीवर निळ्या फरशांची नक्षी होती, पण माणसाचा हात पोहोचेल तिथवर नुसता उघडा चुना.

"या फरशा कुठे गेल्या?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"पाहुण्यांनी नेल्या, आठवण म्हणून एकेक. सगळी भली माणसं हो, चोर कुणीच नव्हतं."

भिंगरीने भिंतीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. वर्गात उत्तर येत नसलेल्या मुलाकडे मी बघायचो, तसंच. वाट बघत.

ड्रायव्हर बॅगा उतरवत होता. सकाळी तो परत जंगलाकडेच जाणार होता. मी डबीतली बी काढली.

"एवढी फाटकावर द्याल? सोबत चिठ्ठी देतो."

"काका, एका बीसाठी चिठ्ठी? तिथे टोपल्यांनी पडल्यात!"

"तरी द्या."

वेशीच्या पायरीवर बसून मी लिहिलं, 'चुकून ही बी माझ्याकडे राहिली.' भिंगरी खांद्यावरून वाचत होती.

"'चुकून' खोडा."

मी खोडलं.

"'राहिली' नाही. तुम्ही घेतलीत."

तेही दुरुस्त केलं.

"आणि फाटकावरचे काका विचारत होते तेव्हा 'छे हो' म्हणालात, ते पण लिहा."

आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या. एका ओळीला इतका वेळ कधी लागला नव्हता. मी खोटं बोललो, असं लिहिलं आणि खाली सही केली. तिने ओठ हलवत सगळं वाचलं आणि चिठ्ठी ड्रायव्हरच्या हातात दिली.

"आता खिसे उलटे करा."

भर रस्त्यात मी खिसे उलटे केले. रुमाल, खडूचे दोन तुकडे, गोळ्यांची पट्टी. ड्रायव्हर खो खो हसला. भिंगरी नाही हसली. आतला खिसाही तिने चाचपून पाहिला.

"चला," म्हणाली, पण हात धरला नाही. चार पावलं पुढे चालत राहिली. रस्ता ओलांडायची वेळ आली तेव्हा मात्र थांबली, आणि मी येईपर्यंत तिथेच उभी राहिली.