डाव्या हाताचे सूत

मित्रांनो, मला पाहिले की पुष्कळांना भोवरा आठवतो. मला त्याचा राग येतो, खोटे कशाला बोलू? मी टकळी आहे, लोकर कातायची जुनी टकळी. भोवरा घटकाभर फिरतो आणि आडवा पडतो. मी फिरले तर मागे सूत उरते.

माझा जन्म कळमनुरीचा, निजामाच्या राज्यातला, साल एकोणीसशे चौतीस. तिथे खाजा मिया नावाचे पिंजारी गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचे. त्यांनी बैलगाडीच्या चाकाच्या एका मोडक्या आऱ्यातून माझी चकती कापली, बाभळीची काडी तासून तिच्यात ठोकली आणि काडीच्या टोकाला सूत अडकवायला खाच पाडली. मग मला जमिनीवर गरकन फिरवून पाहिले आणि "बराबर हाय" एवढेच म्हणाले. पुढे माझे कौतुक खूप झाले, पण ते पहिले दोन शब्द मी अजून विसरले नाही.

मला घरी नेले नर्मदाबाईंनी. कळमनुरीपासून दोन कोसांवरच्या गावात त्यांचे पती उत्तमराव शेती करत. घर खाऊनपिऊन सुखी होते. घोंगड्यांची चळत कोपऱ्यात पडलेली असे. म्हणजे लोकर कातायची त्यांना काडीची गरज नव्हती. पण खाजा मियांच्या बायकोला, जैनबबींना, त्यांनी एकदा विणताना पाहिले आणि त्या कामाने त्यांना वेडच लावले. हिंगोलीला पूर्वी पलटणीची छावणी होती. जैनबबींची आई तिथे एका मडमेकडे कामाला होती. ती मडमेकडून विणायला शिकली, तिने लेकीला शिकवले आणि लेकीने नर्मदाबाईंना. सुया करून द्यायचा जैनबबींचा भाऊ महेबूब. तो सायकली दुरुस्त करी. चाकाच्या जुन्या तारांना घासून टोक काढले की झाल्या सुया!

"अगं, घोंगडी बाजारात मिळते की. हा कुटाणा काहून?" उत्तमराव विचारायचे.

"मिळते ती दुसऱ्यानं केलेली," नर्मदाबाई म्हणायच्या. "मला माझ्या हातानं करायची हाय."

त्यांनी पहिली टोपी विणली ती एवढी मोठी झाली की घालणाऱ्याच्या नाकापर्यंत घसरायची. उत्तमराव मुकाट्याने ती घालून भर बाजारात गेले. लोकांनी हसून घेतले. नर्मदाबाईंनी टोपी उसवली आणि पुन्हा विणली. पुन्हा उसवली, पुन्हा विणली. पाचव्या खेपेला ती डोक्यावर नीट बसली, तेव्हा कुठे त्या पोटभर जेवल्या. अशी ती बाई होती.

दिवाळी सरली की धनगरांची मेंढरे रानात उतरत आणि आमच्या घरी काळी-करडी लोकर येई. तिला वास केवढा! नर्मदाबाई ती रिठ्याच्या पाण्यात धूत, खाजा मिया पिंजून देत आणि मग तिचे कातायला लांब पेळू वळले जात. त्यानंतर मला विश्रांती नसे. वरण शिजेपर्यंत मी फिरे, शेताच्या वाटेवर फिरे, गाय पान्हा सोडेपर्यंत फिरे. संध्याकाळी ओट्यावर बाकीच्या बायकांच्या तोंडाची टकळी चालायची आणि नर्मदाबाईंच्या हातातली.

बारा वर्षे अशी गेली. मग त्यांच्या मुलाचे, किसनचे लग्न झाले आणि सुमन घरात आली. सुमन डावखुरी होती. नर्मदाबाई वाईट नव्हत्या, पण डावा हात चुलीशी नको, देवाशी नको, वाढायला नको, हे त्यांच्या मनात पक्के बसलेले. "सुमन, उजवा हात," असे त्या दिवसातून वीसदा म्हणत. सुमन ऐकायची. मग तिची रांगोळी वाकडी जाई, भाकरी फाटे, भरली घागर हिंदकळे. घरात सगळे तिला वेंधळी म्हणू लागले आणि हळूहळू तिलाही ते खरे वाटू लागले. मला मात्र तिची गोष्ट ठाऊक होती. एकदा झाडता झाडता तिने मला उचलले, आजूबाजूला पाहिले आणि डाव्या हाताने एक गिरकी दिली. इतकी सरळ, इतकी शांत मी कधीच फिरले नव्हते. पावलांचा आवाज येताच तिने मला टोपलीत टाकले.

सत्तेचाळीस साली देश स्वतंत्र झाला, पण आपला मुलूख निजामाच्याच राज्यात राहिला. किसनने मित्रांबरोबर गावात तिरंगा लावला आणि त्याला धरून जिल्ह्याच्या तुरुंगात नेले. पौष महिन्यात त्याचा सोबती हरिचंद सुटून आला. तो जवळच्या तांड्यावरचा. घरी न जाता आधी आमच्या दारात आला.

"मावशी, किसनला खोकला बसलाय," तो म्हणाला. "छातीत दुखतंय म्हणतो. थंडी लई हाय तिथं. घोंगडी आत घेऊ देत न्हाईत, अंगात घालायचा कपडा चालतोय. तेरा दिवसांनी भेट हाय, दोघांना सोडतेत."

नर्मदाबाईंनी त्याला गूळपाणी दिले, त्याच्या आईची विचारपूस केली आणि तो गेल्यावर मला हातात घेतले. डोळ्यांत टिपूस नव्हते.

"तेरा दिवसांत स्वेटर करते," त्या म्हणाल्या.

"अगं, कातायचं आन विणायचं! तेरा दिवसांत कुठं व्हत असतंय?" उत्तमराव म्हणाले.

"मग चौदावा दिवस तुमी आणून देता का? न्हाई ना? तेरातच करीन."

गिरणीची लोकर महायुद्धापासून बाजारात दिसत नव्हती. घरी कातलेल्या सुताचे थोडेसे गुंडे होते, ते पुरणार नव्हते. सुमन दाराशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, मी कातू?"

वेंधळ्या सुनेच्या हाती लोकर द्यायला नर्मदाबाईंचा जीव होईना. पण दिवस मोजके होते. त्यांनी धुणे-पिंजणे स्वतःकडे घेतले आणि दुपारी मला सुमनकडे दिले.

सुमन मला घेऊन गोठ्यात गेली. तिथे गाईवासरांशिवाय पाहणारे कुणी नव्हते. तिने मला डाव्या हातात धरले. रोज दुपारी आम्ही दोघी असेच बसत असू. तिचे सूत बारीक, एकसारखे आणि झरझर निघे. संध्याकाळी नर्मदाबाई गुंडा हातात घेऊन बघत राहायच्या.

"हे तू कातलंस?"

सुमन मान हलवायची. त्याहून जास्त त्यांनी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही.

आठव्या दिवशी सासूचे एक सूत आणि सुनेचे एक सूत एकत्र घेऊन दुपदरी वळायला काढले. आणि सगळा घोळ झाला! एक पदर सैल पडून पिंजारलेल्या केसांसारखा सुटू लागला, दुसरा आखडून त्याच्या गाठी होऊ लागल्या. ओढले की तुटे. नर्मदाबाईंनी लोकरीला दोष दिला, धनगराला दिला, हवेला दिला. शेवटी मलाही दिला. मी काय बोलणार?

मित्रांनो, मला कारण माहीत होते. उजव्या हाताच्या चुटकीने मी एका बाजूला फिरते, डाव्या हाताच्या चुटकीने दुसऱ्या बाजूला. सुतात पीळ पडतो तो त्याप्रमाणे. नुसते पाहून दोन्ही सुते सारखीच दिसतात. पण एकत्र वळली की एकाचा पीळ सुटतो आणि दुसऱ्याचा नको तेवढा चढतो. हे सांगायला मला तोंड नव्हते. तिकडे पोरगा खोकत होता आणि इथे पाच दिवस उरले होते. मला कधी नव्हे ती स्वतःची चीड आली.

उत्तमरावांनी जैनबबींना निरोप धाडला. तेव्हा दिवस असे आले होते की या आळीतले माणूस त्या मोहल्ल्यात जाताना दहादा विचार करी. जैनबबी दुसऱ्याच दिवशी सकाळी महेबूबला घेऊन दोन कोस चालत आल्या.

"आलात! लोक काय म्हनतील, काही वाटलं न्हाई?" नर्मदाबाईंनी विचारले.

"लोकांचं काय घेऊन बसलात? लोकांना कुठं विणता येतंय?" जैनबबी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्यांनी दोन्ही सुते चिमटीत धरून थोडी थोडी उकलून पाहिली. एक इकडे उकलले, दुसरे तिकडे.

"नर्मदाबाई, तकलीफ लोकरीत न्हाई, पिळात हाय. एक सूत उजव्या हाताचं हाय, एक डाव्या हाताचं."

सुमनचा चेहरा उतरला. ती भिंतीला टेकली.

"आत्याबाई, चुकलं माझं. उजव्या हातानं सूत निघतच न्हाई मला. तिकडं त्यांना थंडी वाजून राहिली, म्हणून म्या..."

मला वाटले, आता वीज कोसळणार. पण नर्मदाबाईंनी बिघडलेला गुंडा पुढे ओढला आणि टोक शोधू लागल्या. "चारच दिवस राहिलेत," एवढेच म्हणाल्या. "उकला हे सगळं."

जैनबबींनी मार्ग सांगितला. सुमनचे सूत सुमनच्याच सुताशी वळायचे, नर्मदाबाईंचे त्यांच्याच सुताशी. सुमनच्या सुताची पुढची बाजू आणि बाह्या, नर्मदाबाईंच्या सुताची पाठ. पुढची बाजू विणायला जैनबबी घेऊन गेल्या, पाठ नर्मदाबाईंनी घेतली. सुमन मला हातातून खाली ठेवीना.

दहाव्या दिवशी दुपारी ती विहिरीवर गेली होती. नर्मदाबाईंनी विणकाम बाजूला ठेवले आणि मला उचलले. डाव्या हाताने! सुमनचे सूत त्यांनाही काढता आले तर काम लवकर उरकेल, असा त्यांचा विचार. त्यांनी चुटकी दिली. मी लटपटले आणि फरशीवर आपटले. सूत तुटले. पुन्हा जोडले, पुन्हा तुटले. त्यांचे बोट अडखळे, मनगट अवघडे, कपाळावर घाम आला. सातव्यांदा मी घरंगळत दारापर्यंत गेले, तर तिथे सुमन घागर घेऊन उभी.

नर्मदाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या.

"घटकाभरात रडकुंडीला आले गं मी," त्या म्हणाल्या. "तू दोन वर्षं असंच करून राहिलीस? उलट्या हातानं?"

सुमनने घागर खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडू लागली. नर्मदाबाई उठल्या. मला उचलून त्यांनी तिच्या डाव्या हातात दिले.

"धर. आन गोठ्यात न्हाई जायाचं आता. हितं ओट्यावर बस, सगळ्यांच्या म्होरं."

ती बसली. रस्त्याने जाणाऱ्या बायका थांबून बघू लागल्या. एकीने नाक मुरडले. नर्मदाबाई शेजारीच विणत बसल्या होत्या. त्यांनी तिच्याकडे अशी नजर टाकली की ती बाई तोंड फिरवून चालू लागली.

जैनबबींनी विणलेली पुढची बाजू येऊन पाठीला जोडली गेली, पण तेराव्या दिवशी पहाटे एक बाही अपुरीच होती. भेटीला उत्तमराव आणि नर्मदाबाई जायचे ठरले होते. उत्तमरावांनी बैल जुंपले आणि म्हणाले, "सुमन, तू जा. मी जाऊन काय करू? मला कातता येतंय का विणता?" ते हिंगोलीपर्यंत गाडी हाकत आले आणि दोघींना आगगाडीत बसवून परत फिरले. डब्यात सुमन कातत होती आणि नर्मदाबाई विणत होत्या. शेवटचा टाका पडला तेव्हा स्टेशन दिसू लागले होते.

तुरुंगात मी नर्मदाबाईंच्या कमरेच्या पिशवीत होते, डोके बाहेर. किसन गजांमागे आला. खूप वाळला होता. शिपायाने स्वेटर उलटासुलटा करून तपासला आणि आत दिला. किसनने तो तिथेच अंगात घातला. एक बाही जरा लांब होती. त्याने छातीवरून हात फिरवला आणि हसला.

"माय, तुझं सूत एवढं मऊ कवापासून निघायलं?"

"माझं न्हाई ते. माझं पाठीला हाय, टोचत असंल," नर्मदाबाई म्हणाल्या. "छातीवरचं सुमनचं हाय. तिच्या डाव्या हाताचं."

सुमनने सवयीने तो हात पदराखाली लपवला. नर्मदाबाईंनी तो बाहेर काढला आणि शिपायांच्या, भेटीला आलेल्या सगळ्या माणसांच्या देखत गजांवर ठेवला.

"धर तिचा हात," त्या लेकाला म्हणाल्या. "हाच धर."

किसनने तो धरला.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात निजामाचे राज्य संपले आणि किसन बरा होऊन घरी आला. पुढे मी कितीतरी लोकर कातली. मग बाजारात रंगीत लोकर आली, मला फडताळात ठेवले आणि माझ्यावर धूळ बसली. आता मी तुमच्या शाळेच्या काचेच्या कपाटात आहे. माझ्यापुढे नाव लिहिलेली चिठ्ठी आहे आणि कुणी हात लावू नये म्हणून कुलूप आहे. मित्रांनो, मला असे जपू नका. वापरात असलेली वस्तू झिजते, पण ती जिवंत राहते. गुरुजींकडे किल्ली मागा, मूठभर लोकर आणा आणि मला फिरवा. सूत तुटेल, पुन्हा जोडा. आणि कोणत्या हाताने फिरवता, ते मी विचारणार नाही.